दुरुस्तीनंतर शॉवर का किंचाळतो?

प्लंबर येऊन गेला, गळणारा शॉवर गळायचा थांबला, बिल भरून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ फिरवला आणि भिंतीतून कुणीतरी कर्कश शिट्टी वाजवावी तसा आवाज सुरू झाला. हा अनुभव तुम्हाला आला असेल, तर पुन्हा प्लंबरला बोलावण्याआधी हा लेख वाचा. यातले काही आवाज निरुपद्रवी असतात, काही दोन मिनिटांत बंद करता येतात, आणि एखाद्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढे पाइपाचा सांधा सुटू शकतो.

आधी एक प्रश्न. भारतातल्या घरी नळ इतके ओरडत नव्हते, मग अमेरिकेतलेच का ओरडतात? तिथे बहुतेक इमारतींत पाणी गच्चीवरच्या टाकीतून खाली यायचं. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे साधारण एका वातावरणाएवढा दाब मिळतो. टाकी तुमच्या नळापेक्षा ४ मीटर वर असेल तर दाब जेमतेम ६ पीएसआय. इथे मात्र पाणी थेट गावाच्या वाहिनीतून येतं, आणि घरातला दाब सहसा ४० ते ८० पीएसआय असतो, म्हणजे कमीत कमी सहापट.

आता त्या दाबाचं काय होतं ते बघू. ६० पीएसआय दाबाचं पाणी एखाद्या बारीक फटीतून बाहेर पडलं, तर बर्नुलीच्या सूत्रानुसार त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ २९ मीटर होतो. ताशी १०० किलोमीटरच्या वर! हायवेवरच्या गाडीच्या वेगाने पाणी तुमच्या भिंतीतल्या फटीतून जातं. वेग वाढला की तिथला दाब घटतो. तो फारच घटला तर पाणी न तापवताच त्यात वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, आणि पुढे दाब परत वाढला की ते फटाफट मिटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. असा बुडबुडा मिटताना किती प्रचंड दाब निर्माण होतो याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडलं. त्यामागची अडचण जहाजांची होती, पंख्यांचा धातू कुरतडला जात होता. गरम पाण्यात हे बुडबुडे लवकर होतात, म्हणून कधीकधी गरम बाजूच जास्त ओरडते.

थोडक्यात, शिट्टी ऐकू आली की अरुंद फट शोधायची. दुरुस्तीनंतर अशी फट हमखास कुठे सापडते? बऱ्याच शॉवरच्या व्हॉल्व्हमध्ये मुठीमागच्या गोल तबकडीखाली गरम आणि थंड पाण्यासाठी दोन छोटे बंद-चालू स्क्रू असतात. कार्ट्रिज बदलताना प्लंबर ते बंद करतो आणि जाताना घाईत एखादा अर्धाच उघडतो. पाणी येत असतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही. माझ्या घरी नेमकं हेच झालं होतं. चार दिवस मी शॉवरच्या तोंडाला दोष देत होतो, आणि दोष होता पाऊण फेऱ्याचा.

आपण चुकीच्या जागी बघतो याचं कारणही मजेशीर आहे. तंबोऱ्याची तार एकटी फारशी वाजत नाही, आवाज मोठा होतो तो भोपळ्यामुळे. तसंच इथे तांब्याचा पाइप कंप दूर नेतो आणि भिंतीचा पोकळ ड्रायवॉल भोपळ्याचं काम करतो. म्हणून कानावर विश्वास ठेवण्यापेक्षा एकेक गोष्ट वगळत जा.

आधी शॉवरचं तोंड काढून पाणी सोडा. आवाज गेला तर दोष तोंडात आहे. १९९४ पासून इथल्या शॉवरना मिनिटाला २.५ गॅलनची मर्यादा आहे, त्यासाठी आत बसवलेल्या बारीक चकतीत दुरुस्तीचा कचरा अडकतो. ती धुऊन परत बसवा. आवाज तसाच राहिला तर मूठ फक्त थंडावर, मग फक्त गरमवर नेऊन ऐका. एकाच बाजूला आवाज असेल तर त्या बाजूचा स्क्रू तपासा. तबकडी काढा आणि स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने हलक्या हाताने पूर्ण उघडा. जुना स्क्रू फिरवल्यावर ठिबकू शकतो, म्हणून घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे आधी बघून ठेवा. घर भाड्याचं असेल तर इथेच थांबून मालकाला कळवा.

दोन्ही पाणी मिसळतानाच खडखड होत असेल, तर संशय कार्ट्रिजमधल्या दाब जुळवणाऱ्या सरकत्या दट्ट्यावर. कुणी फ्लश ओढला तरी अंगावर एकदम कढत पाणी येऊ नये म्हणून तो असतो. दुरुस्तीत सुटलेला गंज, डागाचा कण किंवा टेफ्लॉनच्या पट्टीचा तुकडा त्यात अडकला की तो थरथरतो. पाणी बंद करून कार्ट्रिज काढायचं, बादली धरून एकेका बाजूने थोडं पाणी सोडून नळी धुवायची, आणि कार्ट्रिज होतं त्याच दिशेने परत बसवायचं. रबरी कड्यांना सिलिकॉनचं ग्रीस लावा, व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगतं.

यानंतर एक गोष्ट लोक हमखास विसरतात. मूठ गरमकडे किती फिरेल याची मर्यादा ठरवणारी चकती परत नीट लावावी लागते. पाणी १४० अंश फॅरेनहाइट असेल तर साधारण ५ सेकंदांत गंभीर भाजू शकतं, १२० अंशांना त्याला काही मिनिटं लागतात. घरात लहान मूल असेल, किंवा भारतातून आलेले आईवडील असतील, तर स्वयंपाकघरातला थर्मामीटर धरून सर्वांत गरम पाणी १२० च्या आत आहे ना ते मोजाच.

नळ बंद करताना ‘धाड’ असा ठोका ऐकू येत असेल तर प्रकरण वेगळं. याला वॉटर हॅमर म्हणतात. निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ मध्ये याचं सूत्र मांडलं. सेकंदाला २ मीटर वेगाने वाहणारं पाणी क्षणात अडवलं तर तांब्याच्या पाइपात दाब ३५० पीएसआयपर्यंत उसळू शकतो. सांधे सुटतात ते याने. नळ सावकाश बंद करा आणि ठोका टिकला तर प्लंबरकडून धक्काशोषक बसवून घ्या. दहा डॉलरच्या आसपास मिळणारा दाबमापक बाहेरच्या नळाला लावून आकडाही बघा. तो ८० च्या वर असेल, किंवा घरातले सगळेच नळ ओरडत असतील, तर शॉवर सोडा आणि मुख्य वाहिनीवरचा दाब-नियंत्रक तपासून घ्या.

आणि फक्त गरम पाणी सोडल्यावर हळूहळू टिकटिक होत असेल, तर पाइप तापून लांब होताना लाकडाला घासतोय, एवढंच. तो आवाज ऐकत निवांत आंघोळ करा.