भीड घरी ठेवून जा

अगं, जानेवारीत दुबईला निघालीस, तीही सासरच्या अख्ख्या गोतावळ्यासोबत, म्हणजे डेझर्ट सफारी ठरलेलीच. महिना चांगला निवडलात. उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात असतो, तेव्हा वाळूत उतरणं म्हणजे शिक्षाच. पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. जाऊबाई 'चल' म्हणाल्या की तू निघालीस. एरवी खपून जातं ते, वाळवंटात नको.

ड्यून बॅशिंगचंच घे. लहबाबच्या तांबड्या टेकड्यांपाशी गाड्या थांबतात आणि ड्रायव्हर उकिडवा बसून एकेका चाकातली हवा सोडायला लागतो. त्या फुस्स आवाजाने घाबरू नकोस. एरवी 35 च्या आसपास असलेलं प्रेशर तो 15 च्या जवळ आणतो. टायर पसरतो, वाळूवर जास्त जागा धरतो, म्हणून गाडी रुतत नाही. मग टेकडीच्या वाऱ्याकडच्या दबलेल्या अंगाने ती चढते आणि पलीकडच्या भुसभुशीत उतारावरून घसरते. हा उतार तेहतीस-चौतीस अंशांचा; कोरडी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही. ऐकायला काहीच वाटत नाही गं, पण माथ्यावरून गाडीचं नाक खाली झुकलं की काचेत नुसती वाळू दिसते आणि पोटातलं घशाशी येतं.

म्हणून त्याआधी भरपेट जेवायचं नाही. गाडी लागत असेल तर उलटीची गोळी निघतानाच घे, डोकं गरगरायला लागल्यावर उपयोग नाही. सगळ्यात जास्त आदळते ती मागची रांग, आणि धाकटी सून म्हणून नेमकी तीच तुझ्या वाट्याला येणार. आधीच पुढची किंवा मधली जागा माग. बरेच ड्रायव्हर पाकिस्तानातले असतात, हिंदी व्यवस्थित कळतं. 'भाईसाब, आहिस्ता' म्हटलं की वेग कमी करतात. सासूबाईंच्या कंबरेचं बुकिंग करतानाच सांग, त्यांना सरळ रस्त्याने कॅम्पवर नेण्याची सोय होते का ते विचार.

आणि एक कानात सांगते. पाळी चुकली असेल, नुसती शंका असली तरी, या गाडीत बसायचं नाही आणि उंटावरही नाही. कारण विचारलं तर 'मळमळतंय' म्हणू नकोस, जाऊबाई लगेच ओळखतील! मान धरलीय म्हण.

उंट आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे आपण पुढे फेकले जातो. उठताना मागे रेल. बसताना तो पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही मागेच. क्वाड बाइक मला फारशी आवडत नाही. घ्यायचीच असेल तर हेल्मेट डोक्यावर हलत नाही ना ते बघ, ओढणी-स्टोल काढून ठेव, आणि माथ्यावर पोचताना वेग कमी कर, पलीकडे कोण आहे ते दिसत नसतं. प्रवासविम्यात हे असले खेळ धरलेत का, तेही वाचून घे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तिथे परवानगीशिवाय नेता येत नाही, तेव्हा औषधांची पिशवी एकदा उपसून पाहा.

भाओजींना रास अल खैमाला जाऊन जबल जैसची झिपलाइन करायची असेल तर खुशाल करू देत. 2018 साली सुरू झाली तेव्हा 2.83 किलोमीटरची ती जगातली सर्वांत लांब होती. पालथं पडून ताशी दीडशेच्या वेगापर्यंत जायचं! तुला नको वाटलं तर नको.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर मी बलूनवर घालीन. पहाटे हवा शांत असते म्हणून तेव्हाच उडतात. पायलटच्या हातात फक्त वर-खाली करणं. दिशा वाराच ठरवतो. उतरताना टोपली कधीकधी आडवी होते, तेव्हा गुडघे वाकवून आतली पकड घट्ट धरायची. खाली 225 चौरस किलोमीटरचं राखीव वाळवंट आहे. नशिबाने पांढरे ऑरिक्स दिसतील, लांब सरळ शिंगांचे. 1972 मध्ये ते रानातून नाहीसे झाले होते. बंदिवासात वाढवून पुन्हा सोडलेत. थंडी वाजते, स्वेटर हवाच. गाडी हॉटेलवर पहाटे चारच्या सुमाराला येते, तेव्हा दाराची घंटा वाजवत सगळ्यांना उठवत बसू नकोस. जे वेळेवर लॉबीत येतील ते येतील.