बेताच्या खर्चांत पुरेसे कपडे

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील काळ्या जमिनींत कापूस पिकतो. वणी, राळेगांव, दारव्हा, कोठेंहि जा, दिवाळीनंतर तो गाड्या भरभरून जिनाकडे जातांना दिसेल. तरीहि कापड घेण्याची वेळ आली म्हणजे शेतकऱ्याच्या घरांत चिंता उत्पन्न होते, आणि तिचें कारण गरिबीइतकेंच वेळेचेंहि आहे. शाळा उघडते जूनच्या अखेरीस. त्या वेळीं बियाणें, खत व मजुरी यांपायीं हातांतील पैसा संपलेला असतो व मुलांचे कपडे उधारीनें आणावे लागतात. उधारीवर घेणाऱ्यास निवड कसली? दुकानदार दाखवील तें, सांगेल त्या भावानें, घ्यावें लागतें. यास्तव पालकांस विनंति अशी कीं, कापसाचा पैसा हातीं असतांना, माघांतच, गणवेशाचें कापड घेऊन ठेवावें. माप मात्र मे अखेरीस द्यावें. मूल मधल्या काळांत वाढतें.

आतां विद्यार्थिमित्रांनो, थोडें गणित करूं. एकानें चार भडक सदरे घेतले आणि प्रत्येकास शोभेल अशी निराळी विजार घेतली. कपडे झाले आठ, पोशाख चारच. दुसऱ्यानें एक निळी व एक करडी अशा दोनच विजारी घेतल्या, आणि दोहींवर चालतील असे चार सदरे निवडले. कपडे सहा, पण पोशाख आठ! गणवेशाची विजार निळी असेल तर एक विजार घरांत आहेच. मुलींचा हिशेब याहून फायद्याचा आहे. दोन सलवारी, तीन कुडते व दोन ओढण्या परस्परांस जुळणाऱ्या असल्या, तर बारा पोशाख होतात. दुकानांत एखादें कापड मनांत भरलें म्हणजे तें घरांतील कोणकोणत्या कपड्यांशीं जुळेल हें आधीं मोजावें.

रंग निवडतांना आपली माती विसरूं नये. पावसाळ्यांत काळ्या चिखलाचे शिंतोडे पांढऱ्या कपड्यावरून सहजासहजीं जात नाहींत. त्या दिवसांत गडद रंग बरा. उन्हाळ्यांत, जेव्हां आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हां फिकट व पातळ सुती कापडच अंगास सोसतें. यवतमाळजवळ लोहारा येथें डेनिमचा मोठा कारखाना आहे आणि त्या जाड विजारींचें तरुणांस फार वेड. त्या टिकाऊ असतात यांत शंका नाहीं. पण श्रावणांत दोन दोन दिवस वाळत नाहींत, हें धुणाऱ्या आईस विचारावें.

कापडाची परीक्षा दुकानांतच करावी. तें उजेडासमोर धरून वीण पाहावी. चुरगाळून चोळल्यावर पांढरी पूड झडली, तर खळ फार आहे असें समजावें. एका धुण्यांतच तें जाळीसारखें होईल. ओला रुमाल घासून रंग जातो कीं काय तेंहि पाहावें. सुती कापड शिंप्याकडे देण्यापूर्वीं रात्रभर भिजवून वाळवावें, म्हणजे आटावयाचें तें आधींच आटेल. आणि शिंप्यास बजावून सांगावें कीं, विजारीच्या पायांशीं चार बोटें कापड आंत दुमडून ठेव. तेवढ्यावर आणखी एक वर्ष निघतें.

दुसऱ्या महायुद्धांत कापडाची टंचाई एवढी झाली कीं, १९४३ सालीं सरकारनें कापड व सूत यांच्या नियंत्रणाचा हुकूम काढला. लुगडें मधोमध विरलें म्हणजे तेवढा भाग कापून धड बाजू जोडण्याची, म्हणजे दंड घालण्याची, युक्ति आपल्या आज्यांस ठाऊक होती. चादरीस ती आजहि लागू पडते. ठिगळाची लाज वाटणाऱ्यांनीं गाडगे महाराजांकडे पाहावें. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील हे संत चिंध्यांचें वस्त्र पांघरून गांवोगांवचे रस्ते झाडीत, आणि सारें गांव त्यांचें कीर्तन ऐकावयास जमे.

जुन्या सदऱ्याची चिंधी करण्यापूर्वीं त्याच्या गुंड्या काढून एका डबींत जमवाव्या. सुई, दोन रंगांचा दोरा व ती डबी एवढें सामान प्रत्येक मुलानें, मुलगा असो वा मुलगी, आपल्या पेटींत ठेवावें, आणि तुटलेली गुंडी धुण्यापूर्वींच लावावी.