साथीच्या काळातील व्यायाम व सहल

कोविड-१९ च्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी जारी झाली. पुणे-बंगळूर महामार्गावर, निपाणीजवळील कोगनोळी येथे, सीमेवर प्रवाशांची तपासणी होऊ लागली. २०२१ मध्येही ती करावी लागली. पावसाळा आला की बेळगावकरांची पावले आंबोलीकडे वळतात. आंबोली महाराष्ट्रात, तेव्हा ‘व्यायामासाठी जातो’ असे म्हणणाऱ्यासही दोन राज्यांचे निर्बंध पाळणे प्राप्त होते.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. मोकळ्या हवेत अंतर राखून चालल्याने संसर्गाचा संभव अल्प असतो. बंद वाहनातील दाटी, वाटेवरील चहाची टपरी, धबधब्यापाशी जमणारी गर्दी यांमुळे तो वाढतो. शिवाय लक्षणे न दिसणारा तरुणही घरच्या वृद्धांपर्यंत रोग नेऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचविला; म्हणजे दररोज सुमारे बावीस मिनिटे भरभर चालणे. एवढ्यासाठी घाट कशाला उतरावयाचा? निपाणीच्या शेतकऱ्यास तंबाखूच्या शेताचा बांध पुरतो, बेळगावकरास टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोची वनराई. याच आवारात एके काळी देवीची लस तयार होत असे. तो रोग जगातून हद्दपार झाल्याची घोषणा १९८० मध्ये झाली; सकाळी तेथे फिरणाऱ्यांपैकी किती जणांस हे ठाऊक असेल, कोण जाणे!