खोलायला मशीन, आवळायला हात

अगं, इम्पॅक्ट ड्रायव्हर घेणार म्हणालीस, फार बरं वाटलं मला. इतके दिवस दुसऱ्याच्या गॅरेजात टी-पाना फिरवलास, आता स्वतःचं शटर उघडतेयस, तर हत्यार चांगलंच हवं. फक्त बोहरी आळीत शिरण्याआधी माझं ऐकून जा. दुकानदार पहिल्यांदा विचारेल, "बजेट किती?" त्याला उत्तर द्यायच्या आधी तू ठरव, की आपल्याला रोज कोणता नट खोलायचाय.

इम्पॅक्ट ड्रायव्हरला पाव इंची षटकोनी तोंड असतं आणि जोर साधारण 150 ते 200 न्यूटन-मीटर. इम्पॅक्ट रेंचला चौकोनी तोंड, बहुतेक अर्धा इंची, त्यावर गोटी थेट बसते. मधल्या ताकदीचा रेंचसुद्धा 300-400 च्या घरात जातो. आतलं काम दोघांचं सारखंच. नट अडला की आतली हातोडी स्प्रिंग दाबत मागे सरकते आणि सुटून ऐरणीवर आदळते, मिनिटाला तीन हजारांच्या वर वेळा. म्हणूनच एवढा जोर असून मनगट पिळवटत नाही. ड्रिल मशीन अडलं की हातच फिरवतं, तसं इथे होत नाही.

तुझ्याकडे येणार स्कूटर आणि मोटरसायकली. त्यांना ड्रायव्हर पुरतो. स्कूटरच्या व्हेरिएटरचा नट आठव. पुली धरायला होल्डर, पान्याला पाइप, एकाने धरायचं, दुसऱ्याने ओढायचं आणि पाना सटकला की बोटांची सालटी. तोच नट मशीन बघता बघता सोडवतं, कारण ठोका इतका झटक्यात बसतो की क्रँकला फिरायला सवडच मिळत नाही. एकटीने गॅरेज चालवायचं तर या एका कामासाठीसुद्धा मशीन घ्यावं, असं माझं मत आहे.

कारची चाकं मात्र त्याच्यावर सोपवू नकोस. छोट्या कारचे नट आवळायचे असतात शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास, पण कुणीतरी एअर गनने ठोकून बसवलेले आणि दोन पावसाळे खाल्लेले नट निघायला त्याच्या कितीतरी पट जोर मागतात. कोकणातून आलेली गाडी असेल तर खाऱ्या हवेचा गंज वेगळाच. तिथे ड्रायव्हर नुसता टरटरत बसतो. षटकोनी तोंडाला अर्ध्या इंचाचं अ‍ॅडॉप्टर लावून भागेल असं दुकानात सांगतील. त्याची मान बारीक असते, अर्धा ठोका तिच्या पिळातच जिरतो, आणि एक दिवस ती तुटते. बॉशच्या जीडीएक्स 18व्ही-200 ला आत षटकोनी आणि बाहेर अर्धा इंची चौकोनी अशी दोन्ही तोंडं आहेत, जोर 200. कधीमधी कार येणार असेल तर हा मधला मार्ग मला पटतो. रोज येणार असेल तर सरळ रेंच घे.

आता बॅटरी. खरी खरेदी तिचीच असते गं. एका कंपनीच्या बॅटरीत शिरलीस की पुढचा ग्राइंडर, ब्लोअर, दिवा सगळं त्याच कंपनीचं घ्यावं लागतं. नुसतं मशीन स्वस्त पडतं आणि तीच बॅटरी सगळ्यांना चालते. बॉशच्या निळ्या मशीनची 18 व्होल्टची बॅटरी घरगुती हिरव्या मशीनला बसत नाही, हेसुद्धा लक्षात ठेव. डीवॉल्टवर 20 व्होल्ट मॅक्स आणि मकितावर 18 दिसलं तर गोंधळू नकोस. दोन्हींत 3.6 व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक, म्हणजे 18. नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीचा आकडा तेवढा वर जातो.

पण बाजारात 48, 88, 128 असे मोठमोठे आकडे छापलेली स्वस्त मशीनं मिळतात, त्यांच्यापासून सांभाळ. बहुतेकांच्या आत तेच पाच सेल असतात. बॅटरी उलटी करून तळाचं लेबल वाच. वॉट-अवरला अँपिअर-अवरने भाग, व्होल्ट मिळतात: 72 भागिले 4, म्हणजे 18. असले आकडेच छापलेले नसतील तर ती खाली ठेव आणि पुढच्या दुकानात जा. चार किंवा पाच अँपिअर-अवरची एक आणि दोनची हलकी एक, अशा दोन घे. मोठीत सेलच्या दोन ओळी असतात, अडलेल्या नटावर तिचा जोर टिकतो. गाडीखाली हात वर करून काम करताना हलकी बरी. लाइट गेली तरी एक भरलेली हाताशी राहते. मे महिन्यात डिकीत ठेवू नकोस, आणि तापलेली लगेच चार्जिंगला लावू नकोस. मशीन ब्रशलेसच घे. कार्बन बदलायची भानगड नाही आणि गरमही कमी होतं.

आणि हे मी तुला कितीही वेळा सांगेन: खोलायला मशीन, आवळायला हात. 10 नंबर पान्याचा बोल्ट, म्हणजे सहा मिलिमीटरचा, साधारण 10 न्यूटन-मीटरवर आवळायचा असतो. तू घेशील ते मशीन समज 170 चं. सतरा पट! खाली इंजिनचं अ‍ॅल्युमिनियम, वर लोखंडी बोल्ट. ट्रिगरवर बोट क्षणभर जास्त राहिलं की आटे गेले. ऑइलच्या ड्रेन बोल्टचे आटे गेले तर गाडी टपटप ठिबकत परत येते, मग हेलिकॉइल बसवा, गिऱ्हाइकाचं तोंड सांभाळा. बोल्ट आधी बोटांनी तीन-चार आटे चढव, मग पान्याने टेकव, शेवटी टॉर्क रेंच. कारच्या चाकाला तर समोरासमोरचे नट आलटून पालटून. घाई कितीही असो, ब्रेक आणि चाक यांत मशीनने आवळून गाडी हातातून सोडायची नाही.

चकचकीत क्रोमच्या गोट्या मशीनला लावू नकोस, त्या हातपान्यासाठी. ठोक्याने तडकून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. काळ्या, जाड भिंतीच्या इम्पॅक्ट गोट्याच हव्यात. गॉगल घाल, ओढणी काढून ठेव, केस घट्ट बांध. आवाज 95 डेसिबलच्या पुढे जातो, कानात बोळे घाल. ऐकू कमी यायला लागलेले जुने मिस्त्री तू पाहिलेत.

दुकानात मशीन हातात धरून बघ. बॅटरी लावून दीड किलोच्या आसपास भरतं, डोकं 12-13 सेंटिमीटरचं. तुझं बोट ट्रिगरवर नीट पोचतंय का, हळू दाबलं तर हळू फिरतंय का, ते तपास. पक्कं बिल घे आणि सर्व्हिस सेंटर तुझ्या गावापासून किती लांब आहे ते विचार.

काळ्या गोट्यांचा सेट माझ्याकडून, 8 पासून 24 पर्यंत. ते पैसे वाचतील त्यात 5 ते 25 न्यूटन-मीटरचा छोटा टॉर्क रेंच त्याच दिवशी घे, पुढच्या महिन्यावर टाकू नकोस.