सुलट एक, उलट एक

सुयांवरचे विणकाम हातमागाच्या मानाने वयाने लहान आहे. इजिप्तमध्ये सापडलेले त्याचे जुने नमुने, म्हणजे सुती मोजे, सुमारे हजार वर्षांपूर्वीचे आहेत. क्रोशाचे काम तर त्याहूनही अलीकडचे. युरोपात ते एकोणिसाव्या शतकात घरोघरी पसरले. ‘क्रोशे’ हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ लहानसा आकडा असा आहे. पुढे या दोन्ही कला आपल्याकडे इतक्या रुजल्या, की बाळाचे टोपडे, पायमोजे आणि दारावरचे तोरण घरीच विणले जाऊ लागले.

पूर्वी ही विद्या आई, मावशी किंवा शेजारीण यांच्या शेजारी बसून मिळत असे. हात चुकला की शेजारचा हात पुढे येई. आज अनेक प्रौढ स्त्री-पुरुष ती एकट्याने शिकतात. चित्र पाहून टाका घालता येतो, परंतु आपला टाका कोठे बिघडला हे चित्र सांगत नाही. ते केवळ हातातले विणलेले कापड सांगते. म्हणून टाके घालण्याइतकेच टाके वाचणे महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच बहुतेक नवशिके शेवटी शिकतात.

वाचता यावे यासाठी लोकर फिक्या रंगाची, गुळगुळीत आणि मध्यम जाडीची घ्यावी. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. केसाळ लोकर उसवताना गुंतते. सुया चार मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाने आठ नंबरच्या असाव्यात. या मापात आकडा वाढतो तशी सुई बारीक होते, हे दुकानात लक्षात ठेवावे.

सुईवर वीस टाके घालावेत आणि प्रत्येक ओळ सुलट विणावी. सुलट टाक्यात दोरा मागे असतो. उजवी सुई टाक्यात पुढून मागे जाते आणि नवा फास पुढे ओढून आणते. उलट टाक्यात दोरा पुढे असतो आणि फास मागे नेला जातो. हे दोन वेगळे टाके वाटतात. प्रत्यक्षात ती एकाच टाक्याची पुढची आणि मागची बाजू आहे. सुलट बाजूने फास दोन तिरप्या पायांवर उभा दिसतो, तर उलट बाजूने त्याची आडवी गाठ दिसते. एवढे कळले की पुष्कळसे कोडे सुटते. गंमत अशी, की उलट टाका मुद्दाम वापरण्याची युक्ती माणसाला फार उशिरा सुचलेली दिसते. १५६२ मध्ये निधन पावलेल्या फ्लॉरेन्सच्या डचेस एलेनोरा यांच्यासोबत पुरलेल्या मोज्यांत तो आढळतो, आणि त्याच्या जुन्या नमुन्यांत या मोज्यांचा आवर्जून उल्लेख होतो.

प्रत्येक ओळीनंतर टाके मोजावेत. विसाचे तेवीस झाले, तर दोष बहुधा कडेला असतो. ओळ सुरू करताना दोरा सुईवरून मागे खेचला गेला, की पहिला टाका ताणून त्याचे दोन पाय वर येतात. नवशिका ते दोन टाके समजून दोन्ही विणतो. चौकोन हळूहळू पंख्यासारखा पसरू लागतो. एखादा टाका सुईवरून निसटला, तर त्याच्या खाली आडव्या दोऱ्यांची शिडी तयार होते. पाहणाऱ्याचा जीव दडपतो, पण घाबरण्याचे कारण नाही. क्रोशाची सुई त्या सुट्या फासात घालून शिडीची एकेक पायरी त्यातून ओढून घेतली, की टाका पुन्हा वर येतो. विणकामाच्या पिशवीत क्रोशा ठेवण्याची जुनी सवय त्यासाठीच उपयोगी.

उसवण्याचे दुःख मात्र नवशिक्याला फार होते. तास-दोन तासांचे काम क्षणात सरते. तरीही त्यात लोकर वाया जात नाही. उसवलेली वाकडीतिकडी लोकर लडी करून कोमट पाण्यात भिजवावी आणि वाळत घालावी. ती बरीचशी सरळ होते. लहान झालेले स्वेटर उसवून त्याच लोकरीत धाकट्या भावंडांचे स्वेटर विणणाऱ्या घरांना हे सांगावे लागत नसे.

क्रोशाला चुकीचे भय कमी. दोन सुयांवर सगळे टाके एकाच वेळी जिवंत असतात. क्रोशावर बहुधा एकच फास असतो. दोरा ओढावा, चुकीपर्यंत मागे जावे, तेथून पुन्हा सुरू करावे. साखळी, ठेंगणा मुका खांब आणि उंच खांब एवढ्यावर पुष्कळ काम होते. इंग्रजी नमुने वाचताना मात्र सावध राहावे. ब्रिटिश पुस्तकातील ‘डबल क्रोशे’ म्हणजे अमेरिकन पुस्तकातील ‘सिंगल क्रोशे’. नाव तेच समजून विणणाऱ्याचा रुमाल भलत्याच मापाचा होतो.

गोल रुमाल विणताना क्रोशा हिशेब शिकवतो. पहिल्या फेरीत बारा खांब घातले, तर दुसरीत चोवीस आणि तिसरीत छत्तीस लागतात. दर फेरीला बारा वाढले की रुमाल सपाट राहतो. कमी वाढवले तर त्याची वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर येते. कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना ताइमिन्या यांनी १९९७ मध्ये अशी झालर मुद्दाम विणली. युक्लिडच्या भूमितीत न बसणारा ‘हायपरबोलिक’ पृष्ठभाग विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचा होता, आणि कागदाच्या प्रतिकृती टिकत नव्हत्या.

पहिल्या वस्तूसाठी गरम भांडी धरण्याचा चौकोन योग्य. त्याला माप जुळवावे लागत नाही आणि एखादा टाका वाकडा असला तरी काम अडत नाही. तो सुती दोऱ्याचाच विणावा. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराचसा दोरा ॲक्रिलिकचा असतो, आणि तापलेल्या भांड्याला लागताच तो वितळू शकतो.