गेजचा शून्य कोठे असतो?

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. आमच्या महाविद्यालयातील संगणक-कक्षाचे वातानुकूलन यंत्र नावापुरतेच चालू होते. बाहेर पारा चाळिशीच्या वर गेलेला आणि आत मुले घामाघूम. यंत्र दुरुस्त करणारा तरुण आला. गच्चीवर जाऊन त्याने यंत्राच्या बाहेरच्या भागाला निळी नळी जोडली. नळीच्या टोकाला नवेकोरे अंकीय गेज, म्हणजे काट्याऐवजी आकडे दाखविणारे दाबमापक होते. जाड नळीला त्याने तापमान मोजणारा चिमटा लावला. पडद्यावर आकडे उमटले : दाब १४७, उत्कलनबिंदू २७, नळीचे तापमान १६ आणि त्याखाली उणे ११.

"सर, प्रेशर दुप्पट दाखवतंय. कुणीतरी गॅस जास्त भरलाय. थोडा सोडून देतो," तो म्हणाला.

"थांब जरा. ते उणे अकरा कशाचे?"

"ते सुपरहीट, सर."

सुपरहीट कधी उणे असते काय? या एका प्रश्नात भौतिकशास्त्राचा एक धडा दडलेला आहे, म्हणून तो आपण नीट सोडवून पाहू.

द्रवाचा उत्कलनबिंदू त्याच्यावरील दाबावर अवलंबून असतो, हे तुम्ही नववी-दहावीत शिकलेले आहात. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. घरातील कुकर याच तत्त्वावर चालतो. वातानुकूलन यंत्रातील शीतक, ज्याला मेकॅनिक नुसता 'गॅस' म्हणतो, हाही असाच एक पदार्थ आहे. फक्त तो फार कमी तापमानाला उकळतो. समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला आर-२२ हे शीतक उणे ४०.८ अंश सेल्सिअसला उकळते, तर आर-३२ उणे ५१.७ अंशांना. खोलीतील कॉइलमध्ये शीतक कमी दाबाखाली उकळते व खोलीतील उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो, गच्चीवरच्या कॉइलमध्ये ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होते, आणि हे चक्र चालू राहते.

जेथे द्रव आणि वाफ एकत्र नांदतात तेथे दाब आणि तापमान यांची जोडी पक्की ठरलेली असते. एक कळले की दुसरे कळलेच. आर-२२ पाच अंशांना उकळत असेल तर त्याचा निरपेक्ष दाब ५८४ किलोपास्कल असतो. आर-३२ त्याच पाच अंशांना उकळत असेल तर ९५१ किलोपास्कल. अंकीय गेजच्या पोटात अशा अनेक शीतकांची कोष्टके साठविलेली असतात. ते मोजते फक्त दाब. 'उत्कलनबिंदू' म्हणून जो आकडा दिसतो तो मोजलेला नसून कोष्टकातून काढलेला असतो. हा भेद विसरू नका.

कॉइलमधील शेवटचा थेंब उकळून गेला की पुढे वाफ आणखी तापते. नळीवर मोजलेल्या तापमानातून उत्कलनबिंदू वजा केला की येते ती सुपरहीट, आपल्या भाषेत अतितापन. ते पाच-सात अंश असले म्हणजे कॉम्प्रेसरकडे कोरडी वाफ जात आहे असे समजावे. ते शून्य असेल तर वाफेबरोबर द्रवही जात असण्याची भीती असते. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर मोडतो. परंतु उणे ११? वाफ आपल्या उत्कलनबिंदूपेक्षा अकरा अंशांनी थंड असेल तर ती वाफ राहीलच कशी? तेव्हा चूक यंत्रात नसून मोजण्यात होती.

पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'आर-२२' लिहिलेले होते. सकाळी त्याने एक जुने यंत्र तपासले होते आणि शीतकाचे नाव बदलायचे राहून गेले होते. आमच्या यंत्रात आर-३२ आहे. बाहेरच्या भागावरील पाटीवर तसे छापलेले आहे. त्याने बटण दाबून नाव बदलले. दाब तोच १४७, पण उत्कलनबिंदू झाला १० आणि सुपरहीट ६. गॅस अगदी योग्य होता! बाहेरच्या कॉइलवर मात्र धूळ आणि कडुनिंबाचा पाला यांचा थर बसला होता. तो धुऊन काढताच तासाभरात खोली गार झाली. त्या तरुणाने सांगितल्याप्रमाणे गॅस सोडला असता तर चांगले यंत्र बिघडले असते, वर पुन्हा गॅस भरण्याचे पैसे पडले असते. शिवाय एक किलो आर-३२ हवेत सोडणे हे पृथ्वी तापविण्याच्या बाबतीत सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्याबरोबर आहे. आर-२२ च्या बाबतीत हा आकडा १,८०० च्या पुढे जातो, आणि ओझोनच्या थराची हानी होते ती वेगळीच. १९८७ चा माँट्रिऑल करार आणि त्याला २०१६ साली किगाली येथे जोडलेली दुरुस्ती यांमुळे शीतके बदलत चालली आहेत. त्यामुळे मेकॅनिकला आज एकाच दिवसात तीन-चार वेगवेगळ्या शीतकांची यंत्रे हाताळावी लागतात. जुन्या पिढीला 'साठ-सत्तर पौंड' हा एकच आकडा पाठ होता. तो आर-२२ चा होता.

आता हे गेज दाब मोजते कसे ते पाहू. काट्याच्या गेजमध्ये वाकवलेली, चपटी, एका टोकाला बंद असलेली धातूची नळी असते. पॅरिसच्या बूर्दाँ याने १८४९ साली तिचे पेटंट घेतले. येरमाळ्याच्या जत्रेत गुंडाळलेल्या कागदाची पिपाणी मिळते. फुंकले की ती उलगडते. बूर्दाँची नळीही दाब वाढला की किंचित उलगडते आणि दातेरी चक्रे काटा फिरवितात. अंकीय गेजमध्ये काहीच फिरत नाही. त्यात सिलिकॉनचा एक पातळ पडदा असतो व त्यावर चार रोध व्हीटस्टन सेतूच्या पद्धतीने जोडलेले असतात. पडदा दाबाने वाकला की दोन रोध वाढतात, दोन घटतात, सेतूचा तोल बिघडतो आणि काही मिलिव्होल्ट विभवांतर मिळते. ताण दिल्यावर सिलिकॉनचा रोध फार मोठ्या प्रमाणात बदलतो हे स्मिथ या शास्त्रज्ञाने अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दाखवून दिले व १९५४ साली प्रसिद्ध केले. बारावीच्या प्रयोगवहीतील व्हीटस्टन सेतू 'कशाला शिकायचा' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हल्ली हे गेज उघडून दाखवितो.

पण सिलिकॉनचा रोध तापमानानेही बदलतो. गेजमध्ये त्याची भरपाई केलेली असते, तरी ती पुरी नसते. तापलेल्या गच्चीवर अर्धा तास उन्हात पडलेले गेज हवेतच एक-दोन पौंड दाखवू लागते. म्हणून गेज सावलीत काही मिनिटे ठेवावे, नळ्या दोन्ही टोकांनी उघड्या असाव्यात, आणि मगच शून्याचे बटण दाबावे. नळीत थोडा गॅस अडकलेला असताना शून्य केले तर पुढचे सगळे आकडे तेवढ्याने कमी येतील, आणि गेज बिचारे ते मोठ्या आत्मविश्वासाने दशांश चिन्हासह दाखवील.

शून्य म्हणजे तरी काय? गेजवरील शून्य हे निर्वाताचे शून्य नव्हे. ते भोवतालच्या हवेच्या दाबाचे असते. मुंबईत हवेचा दाब १४.७ पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे ७६० मिलिमीटर पारा. आपले धाराशिव बालाघाटाच्या पठारावर, सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा सरासरी दाब सुमारे १३.६ पौंड, म्हणजे ७०३ मिलिमीटर भरतो. बंद यंत्रातील शीतकाला आपण मुंबईत आहोत की धाराशिवला हे कळत नाही. पाच अंशांना आर-२२ चा निरपेक्ष दाब दोन्हीकडे ८४.७ पौंडच. पण गेज त्यातून भोवतालच्या हवेचा दाब वजा करते. म्हणून मुंबईत ते ७० दाखविते आणि धाराशिवला ७१. गेजमधील कोष्टक समुद्रसपाटी धरून केलेले असेल तर उत्कलनबिंदूत सुमारे ०.४ अंशाची चूक येते. काही गेजांत स्थळाची उंची भरण्याची सोय असते. तेथे ६५० हा आकडा एकदा भरून ठेवावा.

खरे सांगायचे तर ही चूक लहान आहे. नळीला लावलेला चिमटा सैल बसला, किंवा नळीवर गंज व रंगाचा थर असला, तर चाळीस अंशांची बाहेरची हवा चिमट्याला तापविते आणि सोळाऐवजी वीस-बावीस अंश दिसतात. ही चूक दहापट मोठी. चिमट्यातील थर्मिस्टर हा तापमान वाढले की रोध घटणारा तुकडा असतो. तो स्वतःचेच तापमान सांगतो, नळीचे नव्हे. त्याची आणि नळीची घट्ट गाठ घालून देणे, वरून स्पंज गुंडाळणे, हे माणसाचे काम.

उंचीचा खरा घोटाळा होतो तो निर्वात करताना. नवे यंत्र बसविल्यावर किंवा गळती काढल्यावर, गॅस भरण्यापूर्वी पंपाने नळ्यांतील हवा व ओल काढून टाकावी लागते. काट्याच्या गेजवर निर्वाताच्या बाजूस उणे ३० इंचांपर्यंत खुणा असतात. धाराशिवला पंप कितीही उत्तम असला तरी काटा २७.७ च्या पुढे जाणार नाही. कारण काढून टाकायला वर हवाच तेवढी आहे! महाबळेश्वरी तर तो साडेपंचवीसच्या आसपासच थांबेल. हे ठाऊक नसलेला माणूस पंपाला दोष देतो, आणि ठाऊक असलेलाही 'काटा टेकला' एवढ्यावर समाधान मानतो. दोन्ही चूकच. ३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब ३१.८ मिलिमीटर आहे. नळीतील पाणी उकळून निघून जावे असे वाटत असेल तर दाब त्याच्या बराच खाली न्यावा लागतो. व्यवहारात ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर पारा, येथवर जातात. काट्याच्या गेजवर अर्धा मिलिमीटर आणि दहा मिलिमीटर यांतला फरक डोळ्याला ओळखता येत नाही.

म्हणून निर्वातासाठी वेगळे अंकीय गेज असते. त्यातील एका प्रकारात बारीक तापलेली तार असते. भोवती वायूचे रेणू जितके कमी, तितकी तार कमी थंड होते, आणि तिच्या रोधावरून निरपेक्ष दाब कळतो. याला धाराशिव आणि मुंबई सारखीच. हे गेज पंपापासून दूरच्या टोकाला जोडावे, कारण पंपाच्या तोंडाशी दाब नेहमीच कमी असतो. ५०० मायक्रॉन झाल्यावर झडप बंद करून दहा मिनिटे आकडा पाहत बसावे. तो चढून कुठेतरी थांबला तर आत ओल शिल्लक आहे. चढतच राहिला तर गळती आहे. एवढ्या साध्या निरीक्षणावर पावसाळ्यात बसविलेल्या कितीतरी यंत्रांचे आयुष्य अवलंबून असते, कारण आर-३२ च्या यंत्रातील तेल ओल पटकन शोषते, आणि पुढे आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसरची गुंडाळी जळते.

निर्वाताचे गेज नाजूक असते. पंपाचे तेल आत गेले की आकडे बहकतात; आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब घालून, हलवून, ओतून टाकावे, आत काडी घालू नये. गॅसचा दाब येण्यापूर्वी त्याची झडप बंद करावी. दाबाच्या गेजचीही पथ्ये आहेतच : नळ्यांच्या टोकांतील रबरी वायसर चिरले की बदलावेत, दर वर्षी हिवाळ्यात यंत्रांचे काम थंडावले की बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, मोटारसायकलच्या डिकीत पान्यांबरोबर ते टाकू नये. आणि बर्फाच्या कारखान्यात किंवा दूध-शीतकरणाच्या मोठ्या संयंत्रात जेथे अमोनिया वापरतात तेथे हे पितळी गेज कधीही जोडू नये. ओलसर अमोनिया पितळ आणि तांबे खातो.

गेज कितीही चांगले असले तरी एक मर्यादा राहते. घरगुती स्प्लिट यंत्राला बहुधा एकच, कमी दाबाच्या बाजूचे तोंड असते. त्यातून यंत्र इन्व्हर्टर जातीचे असेल तर कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो व दाबही बदलतो. अशा वेळी दाब पाहून गॅस भरणे म्हणजे अंदाजच. पाटीवर किती ग्रॅम लिहिले आहे ते पाहून वजनकाट्यावर मोजून भरावा हे उत्तम. हे काम शिकलेल्या माणसाचेच आहे; आर-३२ पेट घेऊ शकतो, आर-२९० तर शुद्ध प्रोपेनच आहे, आणि द्रव शीतक कातडीवर पडले तर हिमदाह होतो. तुम्ही दुरून पाहा, पण शीतकाचे नाव बरोबर निवडले आहे ना, एवढे अवश्य विचारा.

शाळेत करण्यासारखा प्रयोग मात्र आहे. सुई नसलेल्या मोठ्या पिचकारीत सुमारे ७० अंशांचे थोडे पाणी शिक्षकांच्या देखरेखीखाली घ्या, हवा काढून टाका, तोंड बोटाऐवजी रबरी बुचाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोरात ओढा. पाणी उकळू लागेल. दुसरा प्रयोग : चंबूत पाणी उकळा आणि तापमापी त्यात धरा. धाराशिवला पारा १०० वर न पोचता ९७.८ च्या आसपास थांबायला हवा, आणि सुमारे ४६० मीटर उंचीवरील सोलापुरास ९८.५ च्या जवळ. तुमचे सोलापूरकडचे कुणी आप्त असतील तर त्यांनाही त्याच दिवशी प्रयोग करायला सांगा. फरक एका अंशाहूनही कमी आहे, तेव्हा दोन्हीकडच्या तापमाप्या आधी वितळत्या बर्फात बुडवून त्यांचा शून्य कोठे आहे ते टिपून ठेवा.