कोंबड्यांचे पिण्याचे पाणी : भांडे कसे निवडावे, थंडीत काय जपावे



ऊस विकास अधिकाऱ्याने कोंबड्यांवर का लिहावे, असे काहीजण म्हणतील. पण गटात फिरताना मी पाहतो, उसाचे बिल येते तेव्हा येते. आठवड्याचा बाजार आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च कित्येक घरांत अंड्यांवरच भागतो. गावठी, गिरिराज किंवा वनराज, दहा-वीस कोंबड्या बहुतेक वस्तीवर असतातच. त्यांच्या दाण्याचा विचार सगळे करतात. पाण्याचा मात्र कोणी करीत नाही.

माझी थोरली बहीण ठाण्यात नौपाड्याला राहते. जुने बैठे घर आहे, मागे आंब्याखाली थोडी मोकळी जागा. तिथे तिने गावाकडून नेलेल्या सहा कोंबड्या पाळल्या आहेत. जानेवारीत गेलो तर म्हणाली, “अरे, चार अंडी मिळायची, आता एकावर आलंय. थंडी बाधली असेल. काही औषध सांग.” आता ठाण्याची थंडी ती किती! मागे जाऊन पाहिले, तर आंब्याखाली एक उघडे घमेले. काठावर कबुतरे बसलेली, एक कावळा त्यात भाकरीचा तुकडा भिजवतोय. आत बोट फिरवले तर बुळबुळीत शेवाळ हाताला लागले. म्हटले, “ताई, औषध राहू दे. आधी हे घमेलं बदल.” झाकणाची बादली आणून तिला दोन निपल बसवून दिले. दोन-तीन आठवड्यांत अंडी तीनवर आली. दिवस लहान झाला किंवा पिसे झडू लागली, तरी अंडी घटतात. सगळा दोष पाण्याचा नव्हे. पण पाण्याचा दोष आपल्या हातात आहे, दिवस मोठा करणे नाही.

पाणी किती लागते?

मोठी कोंबडी साध्या हवेत दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. म्हणजे खाते त्याच्या अदमासे दुप्पट. उन्हाळ्यात हेच पाणी दुपटीवर जाते. वीस कोंबड्यांना एरवी पाच लिटर, तर वैशाखात दहा लिटर धरावे. अंड्याच्या आतल्या भागात जवळजवळ तीन हिस्से पाणीच असते. पाणी कमी पडले की कोंबडी दाणा कमी खाते आणि मग अंडे थांबते.

उघडे पाणी का नको?

मानमोडी, हगवण आणि जंत हे रोग घाणीच्या पाण्यातून पसरतात. त्यात आता बर्ड फ्लूची भर पडली आहे. हा रोग आपल्या देशात पहिल्यांदा २००६ साली, आपल्याच राज्यात नवापूरला आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंब्याला कोंबड्या मेल्या, त्याच सुमारास ठाण्यात मेलेल्या बगळ्यांच्या नमुन्यांतही हा रोग निघाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यात वेहळोलीला तो पुन्हा आला आणि आसपासच्या हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. महिने बघा : जानेवारी, फेब्रुवारी. थंडीत पाहुणे पक्षी येतात, आणि रानपक्ष्यांच्या विष्ठेतून व लाळेतून हा रोग पाण्यात उतरतो. आपल्या उसाला पाणी सोडले की बांधावर बगळ्यांची रांग लागते. तेच बगळे वस्तीवरच्या परातीत चोच बुडवतात.

भांड्याचे तीन प्रकार

१) परात, घमेले, खापरी : फुकट मिळते, पण सर्वांत वाईट. कोंबडी त्यात पाय देते, विष्ठा टाकते. वापरायचेच असेल तर वर जाळी ठेवावी, आणि दिवसातून दोनदा घासून पाणी बदलावे.

२) डबा आणि थाळी : बाजारात प्लास्टिकचे मिळते, घरीही होते. खाद्यतेलाचा पाच लिटरचा, झाकण घट्ट बसणारा डबा घ्या. बुडापासून एक बोट उंचीवर भोक पाडा. डबा दोन बोटे उंच काठाच्या पसरट थाळीत ठेवा. भोकावर बोट धरून डबा भरा, झाकण घट्ट लावा, मग बोट काढा. पाणी थाळीत भोकाच्या उंचीपर्यंत येते व थांबते; कोंबडी पिईल तसे पुन्हा येते. भोक थाळीच्या काठापेक्षा खालीच हवे. झाकणातून हवा शिरली तर सगळे पाणी वाहून जाईल. थाळीचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर येईल असा खाली विटांचा ओटा करावा. थाळी रोज धुवावी.

३) निपल : झाकणाच्या बादलीला खालून किंवा नळीला निपल बसवतात. चोचीने टोचले की थेंब पडतो. पाणी उघडे राहतच नाही, जमीन कोरडी राहते. एका निपलवर आठ-दहा कोंबड्या धराव्यात. कोंबडीने मान वर करून प्यावे इतक्या उंचीवर तो असावा. गच्चीवरच्या टाकीचे पाणी थेट जोडू नये, दाब जास्त होऊन निपल गळतात. मध्ये छोटी बादली ठेवावी. क्षाराच्या पाण्याने निपल तुंबतो, म्हणून रोज सकाळी प्रत्येक निपल बोटाने दाबून पाहावा. नवीन कोंबड्या शिकेपर्यंत तीन-चार दिवस जुने भांडेही शेजारी ठेवावे.

माझे मत विचाराल तर, दहापर्यंत कोंबड्यांना डबा-थाळी पुरते, त्यापुढे निपल परवडतो.

थंडीतील काळजी

बर्फाच्या मुलखात पाणी गोठू नये म्हणून विजेवर तापणारी भांडी वापरतात. आपल्याला त्याची गरज नाही. निफाडकडे काही वर्षी पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो, पण तिथेही खरी अडचण म्हणजे टाकीतले आणि नळीतले पाणी पहाटे बर्फासारखे गार होते. कोंबडी ते कमी पिते.

जानेवारीत रात्र तेरा तासांची असते. एवढा वेळ कोंबडी तहानलेली राहते आणि उजाडताच पाणी शोधते. म्हणून संध्याकाळी भांडे व नळी रिकामी करावी. सकाळी विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी भरावे; जमिनीतले पाणी पहाटे कोमट लागते. भांडे वाऱ्याच्या आडोशाला, कोवळे ऊन पडेल अशा जागी ठेवावे. भांड्याखालचे पाचट ओले झाले की लगेच बदलावे. ओल राहिली की पिलांना रक्ती हगवण लागण्याचा धोका वाढतो.

ऊस उत्पादकाने विशेष जपावे

तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा रिकामा डबा, कितीही धुतला तरी, कोंबड्यांच्या पाण्याला वापरू नये. ठिबकच्या ज्या नळीतून खत सोडतो, तिच्यावरून कोंबड्यांचे पाणी घेऊ नये. युरियाचे पाणी त्यांना विष आहे.

हजार लिटरच्या टाकीत सहा ते आठ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून, अर्ध्या तासाने पाणी वापरावे. मात्र पाण्यातून लस द्यायची असेल, तर आदल्या दिवसापासून पावडर बंद ठेवावी, नाहीतर लस वाया जाते.

गाळपाच्या दिवसांत तोडकरी मंडळीही आपल्या कोंबड्या घेऊन कोपीवर येतात. त्यांनाही चांगले पाणी भरू द्यावे. त्यांच्या आणि आपल्या कोंबड्या एकाच पाटावर पिणार असतील, तर रोगाला शेजार लागत नाही.

शेवटचे. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या कालव्यात टाकू नका, विकू नका, उघड्या हाताने हाताळू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. तेथून नमुने पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे, आणि गरज पडल्यास भोपाळच्या प्रयोगशाळेकडे जातात. एका घराने लपवले तर साऱ्या गावाच्या कोंबड्या जातात.

उद्या सकाळी चहाआधी एवढेच करा : कोंबड्यांच्या भांड्यात बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागले, तर ते पाणी आपण स्वतः प्याल का, हा प्रश्न मनाला विचारा.